वर्गसोबत्यांच्या आठवणी आणि जांबागची एक सभा

हे टिपण मंडळाच्या बैठकीत वाचलं तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी सरळच विचारलं, "शाळेच्या गेट-टुगेदरमधल्या गप्पा म्हणजे इतिहास का हो?" मी पेशाने इंजिनिअर. पंप आणि पाइपलाइनींमध्ये तीस वर्षं घालवून मग इतिहासाकडे वळलेला माणूस. अशा प्रश्नाला माझ्याकडे एकच पद्धत आहे: हाताशी आलेलं आधी मोजायचं, ताडून बघायचं, आणि मग ठरवायचं. तसं करून बघितलं. त्यातून जे निघालं ते इथे सविस्तर देतो.

हैदराबादेतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेतून आम्ही १९८६ साली दहावी झालो. गेल्या हिवाळ्यात अ आणि ब दोन्ही तुकड्यांची मिळून ४३ मुलंमुली (पन्नाशी उलटलेल्यांना आम्ही आपसात अजून हेच म्हणतो) एकत्र जमली. जेवण झालं, फोटो झाले, आणि खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. पुढचे तीन आठवडे माझ्या फोनवर व्हॉइस मेसेज येत राहिले. कुणी चार मिनिटांचे, कुणी वीस. मी ते सगळे ऐकून वहीत उतरवले आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहिल्या: आठवण कोणत्या सालची, सांगणाऱ्याने स्वतः बघितलेली की ऐकलेली, आणि आणखी कोण तेच सांगतं. शाळेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. सोबती याच शहरात राहतात, मास्तरांची मुलं-नातवंडंही इथेच आहेत.

डबे, छड्या, मैदानावरची भांडणं, नुमाइशमध्ये हरवलेला भाऊ, हे सगळं बाजूला ठेवतो. गोड आहे, पण कुठल्याही शाळेत मिळेल.

माझी पेन्सिल पहिल्यांदा थांबली ती एका मैत्रिणीच्या वाक्यावर. ती म्हणाली, "आठवतं ना, आपल्याला शुक्रवारी सुट्टी असायची आणि रविवारी शाळा भरायची?" तिच्या आवाजात जराही शंका नव्हती. आणखी दोघांनी "हौ, हौ" म्हणून दुजोरा दिला. आता, शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी ही निजामी अमदानीतली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झालं, राज्य भारतात आलं आणि त्यानंतर रविवारची सुट्टी सुरू झाली. आमचा वर्ग जन्मला १९७० च्या आसपास. म्हणजे तिघांनाही जे लख्ख आठवत होतं ते त्यांच्या जन्माच्या वीस वर्षं आधीचं होतं.

ती खोटं बोलत होती असं नाही. तिचे वडील माझ्या वडिलांचे वर्गसोबती, आज ते ८६ वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी शब्दाला शब्द तेच सांगितलं, आणि वर पुस्ती जोडली: "जुम्म्याला शाळा बंद, इतवारी चालू. पोलीस अ‍ॅक्शन झालं न् आम्हाला इतवार मिळाला. बाकी स्वातंत्र्य मोठ्यांना, पोरांना इतवार!" काकांनी हे घरी इतक्या वेळा सांगितलंय की मुलीच्या डोक्यात ते तिच्या स्वतःच्या शाळेत जाऊन बसलं.

मग मी सगळी वहीच या नजरेने पुन्हा चाळली आणि शुक्रवारासारख्या आणखी खुणा शोधल्या. एक खूण पैशांची. निजामाचं चलन वेगळं होतं, हाली सिक्का, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया तो कलदार. ढोबळ हिशेब असा की सात हाली म्हणजे सहा कलदार. हाली १९५० च्या दशकात हळूहळू चलनातून गेला आणि १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. तेव्हा कुणी म्हणालं की "चारमिनारवाल्या नाण्यात फी भरली", तर ती आठवण आमच्या पिढीची नव्हे. दुसरी खूण प्राणिसंग्रहालयाची. बहादूरपुऱ्याचं नेहरू झूलॉजिकल पार्क १९६३ चं. त्याआधी प्राणी होते ते बागे-आममध्ये. शाळेच्या सहलीत सिंह कुठे बघितला एवढं विचारलं की सांगणारा कोणत्या पिढीच्या तोंडून बोलतो आहे ते कळतं.

तिसरी खूण फसलीची, आणि ती जरा नीट सांगावी लागेल, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असले कागद आहेत. निजाम सरकारचा कारभार फसली सनावर चाले. वर्ष सुरू होई ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजुर महिन्यापासून. पुढे दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी अशी इराणी नावं. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, असं घरोघरी सांगतात. ते फक्त ऑक्टोबर ते डिसेंबरपुरतं खरं आहे. जानेवारी उजाडला की ५९१ मिळवायचे. माझ्या वडिलांच्या शाळाप्रवेशाच्या उताऱ्यावर जन्मतारीख आहे १२ बहमन १३४७. बहमन तिसरा महिना, म्हणजे डिसेंबर, म्हणजे १९३७. तोच महिना फरवर्दी असता तर साल १९३८ झालं असतं. एका वर्षाचा हा फरक निवृत्तीच्या तारखेपर्यंत माणसाच्या मागे येऊ शकतो. घरातले जुने दाखले वाचताना आधी महिना बघा, मग बेरीज करा.

या चाळणीतून काढल्यावर माझ्या वहीतल्या "शाळेच्या" आठवणींचे दोन गठ्ठे झाले. एक आमचा स्वतःचा. दुसरा आईवडिलांकडून आलेला, पण आम्ही आपलाच म्हणून सांगतो तो. आणि शाळेबद्दल आम्हाला जो अभिमान आहे तो जवळजवळ सगळा दुसऱ्या गठ्ठ्यातला आहे. पुढचा मुद्दा त्यातूनच येतो.

त्या अभिमानाची गोष्ट थोडक्यात अशी सांगतात: राज्य उर्दूचं होतं, मराठीला कुणी विचारत नव्हतं, आपल्या लोकांनी पदरमोड करून शाळा काढल्या आणि भाषा टिकवली. यात खोटं काही नाही. संस्थानात निम्म्याच्या जवळपास लोक तेलुगू बोलणारे, साधारण चौथा हिस्सा मराठी, त्याखालोखाल कानडी, आणि उर्दू मातृभाषा असणारे दहातला एखादा. तरी कचेरी उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं ते हिंदुस्थानातलं पहिलं विद्यापीठ. त्यासाठी भाषांतराचा स्वतंत्र विभाग होता. वैद्यक, गणित, अभियांत्रिकी सगळं उर्दूत आणलं जात होतं. इंजिनिअर म्हणून मला त्या कामाबद्दल आदरच वाटतो. पण परभणीहून आलेल्या मराठी पोराला किंवा नलगोंड्याहून आलेल्या तेलुगू पोराला ती देशी भाषा परकीच होती.

अशा वेळी खासगी शाळांना महत्त्व आलं. हैदराबादेत केशवराव कोरटकर, वामन नाईक या मंडळींच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी उभी राहिली. त्याच सुमारास गुलबर्ग्याला नूतन विद्यालय निघालं. पुढे १९२१ मध्ये हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ काही काळ तिथेच शिकवत होते. १९३८ च्या अखेरीस उस्मानियाच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणायला बंदी झाली, विद्यार्थ्यांनी संप केला, शेकड्यांनी पोरं काढून टाकली गेली, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना घेतलं. आमच्या वर्गातल्या तिघांचे आजोबा किंवा चुलत आजोबा या संपात होते. निदान तसं त्यांच्या घरी सांगतात. एकाच्या घरी नागपूरचं प्रमाणपत्र आहे, ते मी बघितलं. बाकी दोघांकडचं सोडून देतो.

मात्र याच गठ्ठ्यात एक विसंगती आहे आणि ती मला फार आवडते. जे काका उर्दूच्या सक्तीबद्दल कडवट बोलतात, तेच पाच मिनिटांनी शेर ऐकवतात, आणि चहा आला की "तकल्लुफ कशाला" म्हणतात. शाळेतल्या उर्दूच्या मुन्शीजींचं नाव ते आजही अदबीने घेतात. उर्दू शिकावी लागली याचा राग आणि उर्दू येते याचा डौल, दोन्ही एकाच माणसात. सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे, उस्मानियात शिकले. उर्दू-फारसीवरच्या त्यांच्या हुकमतीमुळे मराठी इतिहासाला किती साधनं मिळाली हे आपल्या वाचकांना सांगायला नको. नरहर कुरुंदकरही मामांकडे, प्राध्यापक नांदापूरकरांकडे, राहून इथे सिटी कॉलेजात शिकले. हैदराबादी मराठी माणूस उर्दूशी नुसता लढला नाही, तिच्यासोबत राहिला. वर्गसोबत्यांच्या गप्पांत हे आपसूक येतं. स्मरणिकांमध्ये फारसं येत नाही.

आता जे गप्पांतही आलं नाही, त्याकडे वळतो.

आमच्या मंडळात एक तेलुगू सभासद आहेत. माझी वही त्यांना दाखवली, थोडंफार वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जांबागच्या सभेबद्दल तुमच्या त्रेचाळीस जणांपैकी कुणी काहीच बोललं नाही?" मी वही परत चाळली. कुणीही नाही.

ही सभा नोव्हेंबर १९२१ ची. निजाम राज्यातली सामाजिक सुधारणा परिषद विवेकवर्धिनीच्या थिएटरात भरली होती. अध्यक्ष महर्षी कर्वे, वय तेव्हा ६३. भाषणं इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. मग आलमपल्ली वेंकटरामाराव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले. समोरच्या श्रोत्यांमध्ये मराठी मंडळी बरीच होती. हसू सुरू झालं, गलका झाला, टाळ्या पिटल्या गेल्या, आणि गृहस्थांना बोलणं अशक्य झालं. ज्या राज्यात निम्मे लोक तेलुगू बोलतात, त्या राज्याच्या राजधानीत, सुधारणेच्या परिषदेत.

सभेला माडपाटी हनुमंतराव होते, बूर्गुल रामकृष्णराव होते. अपमान झालेली मंडळी त्याच सुमारास, १२ नोव्हेंबरला, एकत्र बसली आणि आंध्र जनसंघम या संस्थेचा पाया घातला. तिच्यातून गावोगाव तेलुगू वाचनालयं आणि शाळा यांचं काम वाढलं, आणि १९३० मध्ये जोगिपेटला आंध्र महासभेचं पहिलं अधिवेशन भरलं. तेलंगणच्या आधुनिक राजकारणाचा मोठा भाग या महासभेतून गेला आहे. बूर्गुल पुढे हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले, माडपाटी शहराचे महापौर. माडपाटींनी या चळवळीचा इतिहास स्वतः तेलुगूत लिहून ठेवला. आमच्या तेलुगू सभासदांच्या म्हणण्याप्रमाणे शिकलेल्या तेलुगू घरात ही सभा सगळ्यांना माहीत असते. "तुम्हाला जसा वंदे मातरम्‌चा संप, तसं आम्हाला हे," असं ते बोलले.

बूर्गुल पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकलेले, म्हणजे त्यांना मराठी परकी नव्हती. पुढच्या पिढीतल्या पी. व्ही. नरसिंह रावांचं तर काय सांगावं. वंदे मातरम्‌च्या प्रकरणात तेही नागपूरला गेले, आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली. आमची भाषा शिकलेल्या, आमची पुस्तकं वाचणाऱ्या माणसांना ती सभा लागली होती. मला तरी त्यातली मुख्य गोष्ट हीच वाटते. उर्दूपुढे मराठीला जी वागणूक मिळत होती ती चुकीची आहे, हे मराठी माणसाला पक्कं कळत होतं. त्याच माणसाला शेजारी बसलेल्या तेलुगूचं काय होतं आहे ते त्या दिवशी दिसलं नाही.

कर्व्यांनी त्या गोंधळात काय केलं याची चर्चा मी करत नाही. पण सात वर्षांनंतरची एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. १९२८ मध्ये माडपाटींनी हैदराबादेत तेलुगू माध्यमाची मुलींची शाळा काढली, ती नारायणगुड्याची. इथे वरच्या परीक्षेची वाट उर्दूतून जात होती, तेलुगूतून शिकणाऱ्या मुलींना ती बंदच. तेव्हा या शाळेने आपलं नातं जोडलं ते पुण्याच्या कर्व्यांच्या महिला विद्यापीठाशी. मुलींनी मातृभाषेतून शिकावं हे १९१६ पासून त्या विद्यापीठाचं धोरणच होतं. ज्या परिषदेत तेलुगूला हसलं गेलं तिच्या अध्यक्षांच्या विद्यापीठाकडे, ते हसणं ऐकलेला माणूस सात वर्षांनी मुलींना घेऊन गेला. हेही आमच्या ४३ जणांपैकी कुणाला माहीत नव्हतं. मलाही हा शोध सुरू केल्यावरच कळलं.

हे सगळं वाचून झाल्यावर वहीतली एक नोंद मला वेगळी दिसायला लागली.

अ तुकडीत एक मुलगा होता, घरचा तेलुगू, पद्मशाली. आजोबा मागावरच्या कामासाठी तेलंगणातून सोलापूरला गेलेले, वडील सोलापुरात मराठी शाळेत शिकलेले, मग कुटुंब परत हैदराबादला आलं. वडिलांना मराठी वाचता येत होतं म्हणून मुलगा मराठी शाळेत. सोलापूर आणि तेलंगण यांच्यात अशी ये-जा करणारी शेकडो घरं आहेत. आठवीत असताना स्नेहसंमेलनात तो बोलायला उभा राहिला आणि पहिल्याच वाक्यात म्हणाला, "माझा शाळा". तेलुगूत वस्तूंना आपल्यासारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, त्यामुळे तेलुगू माणसाचं मराठी पहिल्यांदा अडतं ते इथेच. सभागृह हसलं. त्याला तेच नाव पडलं. मी ब तुकडीतला, त्या दिवशी तापाने घरी होतो, पण नाव दहावीपर्यंत माझ्याही कानावर होतं.

माझ्या वहीत ही गोष्ट नऊ जणांनी सांगितली आहे. नऊही जण हसत सांगतात. "काय धमाल होती" हे शब्द चार जणांच्या तोंडी आहेत. गेट-टुगेदरलाही त्याला त्याच नावाने हाक मारली गेली आणि तोही हसला.

दहावा मेसेज त्याचा स्वतःचा. रात्री साडेअकराला पाठवलेला, सहा मिनिटांचा. त्याची परवानगी घेऊन त्यातला मजकूर देतो, थोडा आवरून. "सगळे विचारतात म्हणून सांगतो. मी नंतर स्टेजवर कधीच चढलो नाही. इंटरला तेलुगू माध्यम घेतलं. नोकरीत मराठी पार्टी आली की मी हिंदीत बोलतो. मुलांना मराठी शिकवलं नाही, बायको म्हणायची शिकव, तुला येतं ना. मला येतं रे. मी अजून मराठी पेपर वाचतो. पण तोंडातून काढत नाही." मग थोडं थांबून, "मराठीच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी काय केलं ते कुणालाच आठवत नाही का? त्यांनी तेलुगूचं वाचनपुस्तक मागवलं आणि सगळ्यात जास्त हसणाऱ्या पाच जणांना उभं करून वाचायला लावलं. एकालाही धड वाचता आलं नाही. मग बाई बोलल्या, आता हसा."

ही दुसऱ्या दिवशीची हकीगत बाकी नऊ जणांच्या सांगण्यात नाही. मी प्रत्येकाला फोन करून विचारलं, आधी काही न सुचवता. एक मैत्रीण म्हणाली, "अरे हो! पुस्तकावर हिरवं कव्हर होतं, आणि आमच्या मॉनिटरला घाम फुटला होता." दोन साक्षीदार झाले, एकमेकांशी न बोललेले. माझ्या हिशेबात एवढ्यावर नोंद पक्की होते. उभं केलेल्या पाचांपैकी तिघं गेट-टुगेदरला आले होते. तिघांनाही आदला दिवस स्पष्ट आठवतो, दुसरा आठवत नाही.

१९२१ ची परिषद आणि आमचं स्नेहसंमेलन यांची तुलना मी ताणणार नाही. एकीकडे एका समाजाची चळवळ उभी राहिली, दुसरीकडे चौदा वर्षांचा एक मुलगा गप्प झाला. पण आठवण कशी राहते, याची तऱ्हा दोन्हीकडे सारखी दिसली म्हणून इथे दोन्ही एकत्र लिहिल्या.

हे मी सोबत्यांना सांगितलं तेव्हा सगळ्यांना आवडलं असं नाही. एक जण चांगलाच वैतागला. "चाळीस वर्षांनी भेटलो, मजा केली, आता त्यात भाषावाद कशाला काढतोस? चांगल्या आठवणींची वाट लावू नको." त्याचं म्हणणं मी समजू शकतो. त्याच्यासाठी शाळा म्हणजे शहरातली शेवटची जागा, जिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत मराठी कानावर पडायची. १९५६ नंतरच्या हैदराबादी मराठी माणसाला हे असं का वाटतं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

माझ्या वडिलांच्या वर्गाचा एक फोटो घरी आहे, १९५४ चा. मागे शिसपेन्सिलीने २९ नावं. त्यांतल्या १७ जणांचा माग मला लागला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य तीन ठिकाणी वाटलं गेलं: मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसुरात, आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याला जोडले गेले. आदिलाबादचे किनवट आणि राजुरा महाराष्ट्राच्या बाजूला आले. कचेऱ्यांचे कागद वाटले गेले, टेबलं वाटली गेली आणि नोकरदारही वाटले गेले. १७ पैकी ९ जण पुढच्या चार-पाच वर्षांत औरंगाबाद, नांदेड, परभणीकडे गेले, काही वडिलांच्या बदलीबरोबर, काही स्वतःच्या नोकरीसाठी. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि कॉलेजसाठी हैदराबादला येणारा ओघही आटला.

काचीगुड्याहून मनमाडला जाणारी मीटर गेजची गाडी निजामाबाद, नांदेड, परभणी, औरंगाबाद अशी सगळी ठाणी घेत जायची. वडिलांच्या पिढीची गेट-टुगेदरं त्या गाडीतच झाली म्हणा. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, आणि फलाटावर दहा मिनिटांची भेट. काका सांगतात, परभणीला गाडी थांबली की एक सोबती फलाटावर शेंगदाण्याची पुडी घेऊन उभा असायचा, आणि याने खिडकीतून उस्मानिया बिस्किटांचा डबा द्यायचा. पंधरा-सोळा वर्षं हे चाललं.

जे मागे राहिले ते बघता बघता तेलुगू राज्यातले अल्पसंख्य झाले. १९२१ साली सभागृहात हसणाऱ्यांना आपण राजधानीत भक्कम आहोत असं वाटत होतं. १९६० नंतर त्यांच्या नातवंडांना तेलुगू पेपरात पास व्हायची धास्ती होती. वैतागलेल्या माझ्या सोबत्याचे वडील त्या मागे राहिलेल्यांपैकी. त्याच्या घरी शाळा हा शब्द आजही हळुवारपणे उच्चारतात. आणि आज मराठी माध्यमाच्या वर्गात मुलं किती उरली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या हळुवारपणाचं कारण सांगावं लागत नाही. तरीही मी त्याला कळवलं की दोन्ही नोंदी वहीत राहतील. तो म्हणाला, "ठेव. पण बाईंचंही नीट लिही." तेवढं झालं.

पुढचं काम असं आहे. सगळे ध्वनिमुद्रित मेसेज, सांगणाऱ्यांच्या लेखी संमतीने, मंडळाच्या संग्रहात ठेवतो आहोत. "माझा शाळा"च्या दहाही नोंदी एकत्रच राहतील, नऊ वेगळ्या आणि एक वेगळी असं करणार नाही. तेलुगू सभासद माडपाटींच्या पुस्तकातल्या त्या सभेच्या भागाचा सारांश आम्हाला मराठीत करून देणार आहेत. भाषा तपासण्याचं काम अ तुकडीतल्या आमच्या त्या सोबत्याने घेतलं आहे. लेखी करतो, बोलायला लावू नका, अशी त्याची अट आहे.

वाचकांपैकी कुणाकडे १९४५ ते १९६० या काळातले हैदराबादेतल्या मराठी, तेलुगू किंवा कानडी शाळांचे हजेरीपट, हस्तलिखित वार्षिकं, फसली तारखांचे दाखले किंवा मागे नावं लिहिलेले वर्गाचे फोटो असतील, तर मूळ कागद तुमच्याकडेच ठेवा, आम्हाला फक्त छायाप्रत हवी आहे. फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करा. काकांच्या पिढीतले, चेहरे ओळखू शकतील असे लोक माझ्या माहितीत आता चारच उरले आहेत, आणि त्यातल्या दोघांना दुपारी तीननंतर भेटलेलं चालत नाही.